विकास शुल्क आम्ही भरायचे, मग रस्ता आणि ड्रेनेज कोणी करायचे?

कौलारू (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घराच्या बांधकाम परवानगीचे चलन मागच्या आठवड्यात हाती आले आणि त्यातील रकमांची बेरीज करताना जे प्रश्न पडले, ते इथल्या जाणकारांपुढे ठेवत आहे. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण फाईल अजून मार्गी लागलेली नाही आणि मला वाद घालण्यापेक्षा विषय समजून घ्यायचा आहे.

आमचा भूखंड २०० चौरस मीटरचा असून काही वर्षांपूर्वी महापालिकेच्या हद्दीत घेतलेल्या एका गावात, मंजूर रेखांकनातला (ले-आउटमधला) आहे. तळमजला आणि त्यावर एक मजला असे सुमारे १८० चौरस मीटरचे बांधकाम आम्ही स्वतःच्या राहण्यासाठी करणार आहोत. चलनात सर्वांत वर छाननी शुल्क आहे. त्याखाली ‘विकास शुल्क (जमीन)’ १२,००० रुपये, ‘विकास शुल्क (बांधकाम)’ ४३,२०० रुपये, ‘कामगार कल्याण उपकर’ ४५,००० रुपये, जिन्याच्या बाजूला सामासिक अंतरात (घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत) घेतलेल्या सवलतीचे अधिमूल्य आणि शेवटी राडारोड्याची अनामत. आर्किटेक्ट म्हणाले की हे सगळे संगणकच काढतो, तेव्हा भरून मोकळे व्हा.

भरणार आहेच. पण ज्या जागेच्या ‘विकासा’पोटी ५५,२०० रुपये मागितले आहेत, तिथला रस्ता मुरमाचा आहे. तोही रेखांकन करणाऱ्याने टाकलेला असून दर पावसाळ्यानंतर आम्ही प्लॉटधारक वर्गणी काढून त्यावर खडी पसरतो. ड्रेनेजची सर्वांत जवळची वाहिनी सव्वा किलोमीटरवर आहे, त्यामुळे नकाशातच सेप्टिक टँक आणि शोषखड्डा दाखवावा लागला. पाण्याचा टँकर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे माझ्याकडून एक हमीपत्र घेतले आहे, ज्यात पाणीपुरवठ्याची सोय होईपर्यंत ती मी स्वखर्चाने करीन आणि त्याबाबत महापालिकेकडे मागणी करणार नाही, असे लिहिले आहे. म्हणजे एका कागदावर सुविधांचे पैसे मागितले आणि दुसऱ्या कागदावर सुविधा मागणार नाही असे लिहून घेतले, आणि फाईलमध्ये हे दोन्ही कागद एकाच टाचणीने जोडलेले आहेत.

मला विचारायचे आहे ते असे. हे शुल्क कोणत्या आधाराने आणि कशावर काढतात? सुविधा नसताना ते भरायला नकार देता येतो का, किंवा निदान आमच्या भागातच ते खर्च करा असा आग्रह धरता येतो का? घर झाल्यावर दरवर्षी मालमत्ता कर भरायचाच आहे, मग हे त्याच गोष्टीचे दुसऱ्यांदा पैसे नव्हेत का? आणि हा पैसा नेमका जातो कुठे?

जोता

कौलारू यांस, नगररचना विभागात तीसएक वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि सुरुवातीच्या काळात अशी चलने हाताने लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी चलनातल्या बाबी वेगळ्या करून घ्या, कारण तिथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. छाननी शुल्क हे नकाशा तपासण्याचे पैसे. कामगार कल्याण उपकर १९९६ च्या केंद्रीय कायद्याने आला, तो बांधकाम खर्चाच्या १ टक्का असतो आणि महापालिका तो फक्त गोळा करून राज्याच्या कामगार कल्याणकारी मंडळाकडे पाठवते, म्हणजे तुमच्या रस्त्याशी त्याचा संबंध नाही. अनामत परत मिळते, निदान मिळायला हवी. अधिमूल्य ही नियमात न बसणारी सवलत घेतल्याची किंमत आहे. तुमचे बांधकाम मूळ १.१ च्या चटई क्षेत्र निर्देशांकात, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या १.१ पटीत, बसत असल्याने वाढीव चटई क्षेत्राचे अधिमूल्य तुम्हाला लागू नये. फक्त सामासिक अंतराचेच लावले आहे ना, हे आर्किटेक्टकडून तपासून घ्या. आपल्या प्रश्नाचा खरा विषय उरतो तो ५५,२०० रुपयांचा.

विकास शुल्काचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. मूळ कायद्यात ही तरतूद नव्हती, १९९२ मध्ये प्रकरण सहा-ए घालून कलम १२४-ए पासून पुढची कलमे आली. त्या वेळी कायद्याच्या अनुसूचीत चौरस मीटरला ठरावीक रुपये असा दर होता. २०१० च्या दुरुस्तीने तो रेडी रेकनरला, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक दर तक्त्यातील जमिनीच्या दराला जोडला गेला. निवासी वापरासाठी जमिनीच्या क्षेत्रावर त्या दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामाच्या क्षेत्रावर २ टक्के, तर वाणिज्य वापराला याच्या दुप्पट. तुमच्या रकमांवरून उलटा हिशेब केला तर तुमच्या विभागाचा दर चौरस मीटरला १२,००० रुपये निघतो. २०० गुणिले १२,००० याचा अर्धा टक्का १२,००० रुपये आणि १८० गुणिले १२,००० याचे २ टक्के ४३,२०० रुपये. चलन बरोबर आहे. मेट्रोसारखे नागरी परिवहन प्रकल्प चालू असलेल्या शहरांत हे शुल्क दुपटीपर्यंत वाढवण्याची मुभा २०१५ च्या दुरुस्तीने दिली आहे. तुमच्याकडे ते लागलेले दिसत नाही.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. सहा इंची ड्रेनेजचा पाइप टाकायला शहराच्या मध्यभागी जेवढा खर्च येतो, जवळजवळ तेवढाच तुमच्या गावात येतो. कदाचित तुमच्याकडे जास्त, कारण वाहिनी सव्वा किलोमीटर ओढत आणायची आहे. पण शुल्क जमिनीच्या भावावर असल्याने मध्यवस्तीतला माणूस तुमच्या पाचपट भरेल आणि तिथे सगळ्या वाहिन्या आधीच टाकलेल्या असतील. म्हणजे २०१० पासून हा आकडा सुविधांच्या खर्चावरून निघत नाही, जमीन किती महाग आहे यावरून निघतो. नाव शुल्काचे राहिले असले तरी मोजमाप कराचे झाले आहे. माझ्या नोकरीत तीन आयुक्तांसमोर हे मी बोललो. तिघांनीही मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला.

असे का झाले, तर महापालिकांचे स्वतःचे भरवशाचे उत्पन्न एकामागून एक गेले म्हणून. जकात होती तोवर रोजचा पैसा रोज येत असे. तिच्या जागी बहुतेक महापालिकांत स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला, मुंबईत टिकून असलेली जकातही जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर संपली आणि भरपाईसाठी राज्याकडे पाहण्याची वेळ आली. मालमत्ता कर वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड. मग ज्याला नवे घर बांधायचे आहे, जो अजून त्या प्रभागाचा मतदारही नाही आणि ज्याची फाईल आपल्या टेबलावर अडलेली आहे, त्याच्याकडून घेणे सर्वांत सोपे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल.

तुमचा मालमत्ता कराचा मुद्दा मात्र मला पूर्ण पटत नाही. मालमत्ता कर हा दरवर्षीच्या झाडलोटीचा, दिवाबत्तीचा, दुरुस्तीचा पैसा आहे, तर विकास शुल्क हा नव्या वस्तीसाठी एकदाच घालायच्या भांडवलाचा. दोन्ही घेण्यात तत्त्वतः चूक नाही. घर झाल्यावर येणाऱ्या बिलात जललाभ कर आणि मलनिःसारण लाभ कर अशा ओळी आहेत का, ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. वाहिनीच नसताना तिच्या लाभाचा कर लागला असेल, तर त्याबद्दल हरकत नोंदवायला तुमच्याकडे चांगले कारण आहे.

वाळूखडी

मी वर्षाला दोन-तीन लहान इमारती बांधतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. कौलारू यांच्या चलनात विकास शुल्काचा आकडा मोठा दिसतो, पण सदनिकांच्या इमारतीत तो लहान असतो आणि वाढीव निर्देशांकाचे अधिमूल्य त्याच्या कितीतरी पट असते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने करोनामुळे मंदावलेल्या बांधकामांना उठाव मिळावा म्हणून त्या वर्षअखेरपर्यंत अधिमूल्यात ५० टक्के सवलत दिली आणि त्या बदल्यात घर घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क आम्ही भरायचे अशी अट घातली, तेव्हा परवानगीच्या खिडकीवर जी गर्दी उसळली तिच्यावरून हे आकडे आमच्या हिशेबात कुठे बसतात ते कळावे.

हे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून जातात याबद्दल लोकांचा ठाम समज आहे की बिल्डर सगळे गिऱ्हाइकावर टाकतो. ते अर्धेच खरे आहे. जमीन घेण्याआधी शुल्क किती हे ठाऊक असेल, तर मी जमीनमालकाला तेवढा भाव कमी देतो, कारण सदनिकेचा दर शेजारच्या इमारतीने ठरवलेला असतो आणि माझ्या खर्चाकडे पाहून कोणी जास्त देत नाही. पण जमीन घेऊन झाल्यावर १ एप्रिलला रेडी रेकनर वाढला, तर ती वाढ माझ्या नफ्यातून किंवा गिऱ्हाइकाच्या खिशातून, जिथून निघेल तिथून निघते. म्हणून आमची तक्रार शुल्क असण्याबद्दल फारशी नसते. ते कधी आणि किती बदलेल याचा भरवसा नसतो, ही तक्रार आहे. आणि हो, ते पाण्याचे हमीपत्र आम्हीही देतो. सोसायटी झाली की टँकरचे बिल सोसायटीकडे जाते आणि तिच्या पहिल्या तीन सभा त्यातच जातात.

परसदार

मी कॅलिफोर्नियात राहतो. इकडे या शुल्काला ‘इम्पॅक्ट फी’ म्हणतात, म्हणजे तुमच्या बांधकामाचा रस्त्यांवर, शाळांवर, उद्यानांवर, सांडपाण्याच्या यंत्रणेवर जो भार पडेल त्याची भरपाई. जोता यांनी जकात जाण्याचे जे कारण दिले ते वाचून गंमत वाटली, कारण इकडची गोष्ट जवळजवळ तशीच आहे. १९७८ मध्ये राज्यातल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला आणि घर विकले जाईपर्यंत त्याचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढणार नाही असे ठरवले. जुन्या घरमालकांकडून वाढीव पैसा मिळण्याची वाट बंद झाल्यावर शहरांनी आणि काउंटींनी (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी) आपला मोर्चा नव्या घरांकडे वळवला.

फरक आहे तो पुढच्या टप्प्यात. इथे १९८७ मध्ये एक कायदा झाला, ज्यानुसार शुल्क लावताना ते कशासाठी आहे, त्यातून कोणती सुविधा होणार आहे आणि ज्या प्रकारच्या बांधकामावर ते लावले त्याच्याशी त्या सुविधेचा काय संबंध आहे, हे लिहून दाखवावे लागते. पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि दर पाच वर्षांनी शिल्लक रकमेचा हेतू पुन्हा सिद्ध करावा लागतो. तो करता आला नाही तर रक्कम परत करण्याची वेळ येते. शुल्क मान्य नसेल तर निषेध नोंदवून ते भरायचे, बांधकाम सुरू ठेवायचे आणि मुदतीत दाद मागायची, अशीही सोय आहे.

याच वाटेने जॉर्ज शीट्झ नावाच्या गृहस्थांचे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एल डोराडो काउंटीत स्वतःच्या जमिनीवर कारखान्यात तयार केलेले एक लहानसे घर आणून बसवण्यासाठी त्यांच्याकडून रस्ते-वाहतुकीच्या नावाने २३,४२० डॉलर घेतले गेले. त्यांच्या एका घराने रस्त्यावर किती भार पडणार याचा हिशेब कोणी केला नव्हता, तक्त्यात जो दर होता तो लावला. हे शुल्क लोकनियुक्त मंडळाने सर्वांसाठी सरसकट ठरवलेले आहे, म्हणून बांधकामाशी त्याचा संबंध आणि प्रमाण तपासण्याची कसोटी त्याला लागू होत नाही, असा काउंटीचा युक्तिवाद होता. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने तो नाकारला. मात्र प्रत्येक घराचा वेगळा हिशेब करायलाच हवा का, हा प्रश्न न्यायालयाने खुला ठेवला आणि प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले.

इकडे सगळे आलबेल आहे असा समज होऊ नये म्हणून स्वतःचे सांगतो. आईवडील वर्षातले सहा महिने येऊन राहतात, त्यांच्यासाठी परसात एक छोटे घर बांधायचे ठरवले. ७५० चौरस फुटांखालच्या अशा जोडघरांना २०२० पासून राज्याने हे शुल्क माफ केले आहे. आमच्या नकाशातले घर ७८० फुटांचे होते. आर्किटेक्टने आईच्या देवघराची भिंत आत घेतली, कपाट काढले आणि घर ७४५ वर आणले. बाबांनी विचारले, “एवढ्या ऐसपैस देशात तीस फूट कशाला वाचवता?” मी त्यांना शुल्काचा तक्ता दाखवला, तेव्हा ते म्हणाले की मग दिवाणखानाही कमी करा.

सनद

मी वकिली करते. परसदार यांनी सांगितलेली कसोटी आपल्याकडे तशीच्या तशी लागू होईल अशी आशा कौलारू यांनी धरू नये, म्हणून थोडे स्पष्ट करते.

आपल्या न्यायालयांत हा वाद ‘कर की शुल्क’ या रूपाने चालत आला आहे. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कराच्या बदल्यात काही विशिष्ट मिळेल अशी अपेक्षा नसते, शुल्काच्या मागे मात्र काही सेवा असावी लागते. ही भूमिका कडक वाटते, पण पुढे ती बरीच सैल झाली. १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाने म्हटले की दिलेल्या पैशाचा आणि मिळालेल्या सेवेचा काटेकोर हिशेब जुळायला हवा असे नाही, एकंदर वर्गाला सेवा मिळत असेल आणि दोहोंत ढोबळ संबंध असेल तर पुरे. त्यामुळे “माझ्या दारात पाइप नाही, म्हणून माझे शुल्क बेकायदा” हा युक्तिवाद एकट्याने टिकणे कठीण आहे.

कौलारू यांच्या उपयोगाचा खरा निकाल १९९२ चा, अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाचा. त्या प्राधिकरणाने विकासाचे काम आपल्याकडे आहे म्हणून शुल्क घेण्याचा अधिकारही त्यात गृहीत आहे असे मानून आकारणी केली होती. न्यायालयाने सांगितले की पैसे घेण्याचा अधिकार असा गृहीत धरता येत नाही, कायद्यात तो स्पष्ट शब्दांत हवा. महाराष्ट्राच्या कायद्यात विकास शुल्काचे प्रकरण आले तेही त्याच वर्षी, आणि आपल्याकडे अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असल्याने तेवढ्यापुरते चलन भक्कम आहे. पण याच निकालामुळे चलनातल्या प्रत्येक ओळीला “ही कोणत्या कलमाखाली?” असे विचारण्याचा हक्क तुम्हाला मिळतो, आणि कधीकधी एखाद्या ओळीचे उत्तर येत नाही.

गोव्याने यातून वेगळी वाट काढली. तिथे २००९ च्या कायद्याने नव्या बांधकामाच्या क्षेत्रावर जे घेतात त्याचे नावच ‘पायाभूत सुविधा कर’ असे ठेवले. कर म्हटल्यावर बदल्यात काय मिळाले हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने उरतच नाही. मला हे अधिक प्रामाणिक वाटते, पण भरणाऱ्याच्या हातात मात्र त्यामुळे काही राहत नाही.

महाराष्ट्रात भरणाऱ्याच्या हातात थोडे तरी आहे, आणि ते आहे कलम १२४-जे. विकास शुल्कातून आलेला पैसा स्वतंत्र विकास निधीत ठेवला पाहिजे आणि त्यातून सार्वजनिक सुविधा व क्षेत्राची देखभाल-सुधारणा झाली पाहिजे, असे ते कलम सांगते. कौलारू यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे, आणि ते त्यांना आवडणार नाही. कायद्यातला शब्द प्राधिकरणाच्या संपूर्ण क्षेत्राबद्दल आहे. ज्या गल्लीतून पैसा आला त्याच गल्लीत तो घाला, असा हक्क त्यातून निघत नाही. पैसा त्या कामांखेरीज भलतीकडे जाऊ नये आणि त्याचा हिशेब वेगळा दिसावा, एवढे मागता येते.

हमीपत्राबद्दल एकच सांगते. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची व्यवस्था ही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार महापालिकेची आवश्यक कर्तव्ये आहेत, ऐच्छिक नव्हेत. नागरिकाने एका कागदावर सही केली म्हणून महापालिका कायद्याने घातलेल्या कर्तव्यातून मोकळी होते, असे मला वाटत नाही. तोवरचा टँकरचा खर्च तुमचा, एवढाच त्या कागदाचा व्यवहारातला अर्थ.

कौलारू

सर्वांचे मनापासून आभार. जोता यांच्या उलट्या हिशेबाप्रमाणे रेडी रेकनर उघडून पाहिला, आमच्या विभागाचा दर खरोखरच १२,००० आहे. अधिमूल्याची ओळही तपासली, ती जिन्याच्या बाजूचीच आहे.

सनद यांच्या उत्तराने थोडा हिरमोड झाला, पण दिशा मिळाली. मी पैसे भरतो आणि सोबत एक पत्र देतो. शिवाय माहितीच्या अधिकारात विकास निधीचा हिशेब मागावा असे ठरवले आहे. मसुदा असा केला आहे: कलम १२४-जे खालील विकास निधीचे स्वतंत्र खाते उघडले आहे का, असल्यास कधीपासून? गेल्या तीन वर्षांत त्यात किती जमा झाले, किती खर्च झाले आणि अखेरची शिल्लक किती? त्यातून झालेल्या कामांची प्रभागवार यादी, आणि त्या खात्याबद्दल लेखापरीक्षणात आलेले आक्षेप. यात काही कमी-जास्त करावे का? आणि मूळ प्रश्नातला एक धागा राहिला आहे. आमचे गाव हद्दीत आले ते काही वर्षांपूर्वी, त्याआधीची शुल्के दुसऱ्याच प्राधिकरणाने घेतली होती. त्या पैशाचे काय होते?

जोता

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत अवघड आहे आणि एकट्या तुमच्या गावाचा नाही. पुण्याचे उदाहरण सर्वांसमोर आहे. ३० जून २०२१ रोजी २३ गावे महापालिकेत आली आणि पंधरवड्याच्या आत राज्य शासनाने त्या गावांसाठी पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. परिणामी नकाशे मंजूर करणे आणि त्याचे शुल्क घेणे एका संस्थेकडे, तर पाणी, कचरा, ड्रेनेज आणि नागरिकांचा रोष दुसऱ्या संस्थेकडे, अशी विभागणी झाली. कलम १२४-जे मधला ‘प्राधिकरण’ हा शब्द कायदा करताना कोणाच्या डोळ्यासमोर असेल, तर तो शुल्क घेणारा आणि गटार बांधणारा एकच असलेला असणार. ते दोघे वेगळे झाले की निधी वर्ग करून घेण्यासाठी पत्रव्यवहार सुरू होतो, आणि त्याचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे आधीच्या प्राधिकरणाने घेतलेली रक्कम वर्ग झाली का, हा प्रश्न विचारायलाच हवा, पण तो वेगळ्या अर्जात आणि त्या प्राधिकरणाकडे विचारा.

मला विचाराल तर या सगळ्यापेक्षा जुनी पद्धत बरी होती. नगररचना योजनेत, जी आपल्याकडे १९१५ च्या मुंबई कायद्यापासून आहे, सगळ्यांच्या जमिनी एकत्र मोजून प्रत्येकाकडून रस्त्यासाठी, बागेसाठी काही हिस्सा घेतला जातो, नवे नीटस भूखंड परत दिले जातात आणि योजनेमुळे जमिनीच्या किमतीत जी वाढ होते तिचा काही भाग अंशदान म्हणून वसूल होतो. त्यात पैसा कुठून आला, कुठे गेला आणि कोणाच्या दारात काय झाले, हे एकाच नकाशावर दिसते. वेळ मात्र फार लागतो. मी पाहिलेल्या एका योजनेत मूळ जमीनमालकांची नातवंडे सुनावणीला आली होती.

आता तुमचा मसुदा. ‘गेल्या तीन वर्षांत’ असे लिहू नका, आर्थिक वर्षे आकड्यांत लिहा, नाहीतर कालावधी स्पष्ट नाही असे उत्तर येईल. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून रस्ता आणि पाण्याची तक्रार त्यात घालू नका, ती सोबतच्या पत्रात लिहा. अर्ज नगररचना विभागाच्या नावाने न देता लेखा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने द्या. आमचा विभाग फक्त आकारणी करत असे, जमा झालेल्या पैशाचा हिशेब लेखा विभागात असतो. स्वतंत्र खाते नाही, रक्कम सर्वसाधारण निधीत जमा होते, असे उत्तर आले तर ते कागदावर मिळाले याबद्दल समाधान माना आणि त्याची प्रत मुख्य लेखापरीक्षकांना आणि तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला द्या. २०२२ पासून बहुतेक महापालिकांवर प्रशासक असताना असे कागद कोणाला द्यायचे हाच प्रश्न होता.

तुमच्या प्रश्नावलीत एक भर घाला: मंजूर विकास आराखड्यातला तुमच्या गावाकडे जाणारा कोणता रस्ता किंवा ड्रेनेजची कोणती मुख्य वाहिनी चालू अर्थसंकल्पात धरली आहे, त्याचा लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या बाबीचा) क्रमांक. काम धरलेले असेल तर तो क्रमांक मिळतो, धरलेले नसेल तर मिळत नाही, त्यात गोलमोल उत्तराला जागा नसते. चलनाची भरलेली पावती मात्र मूळ प्रतीसकट जपून ठेवा, भोगवटा पत्राच्या, म्हणजे घर वापरण्याच्या परवानगीच्या, वेळी ती पुन्हा मागतात.